साडेआठ कुठं गेले?

आमच्या घरात 'प्रोग्राम' या शब्दाला २००५ सालापर्यंत एकच अर्थ होता: मांडव, पंगत आणि ऐन भाषणात कुई करणारा लाउडस्पीकर. बारशाचा प्रोग्राम, साखरपुड्याचा प्रोग्राम, एवढंच काय, वर्षश्राद्धाचासुद्धा प्रोग्रामच. त्यामुळे बारावीची परीक्षा आटोपल्यावर मी बीडमधल्या एका कॉम्प्युटर क्लासात नाव घातलं आणि आठवडाभरानं घरी येऊन 'आज पहिला प्रोग्राम केला' म्हणून सांगितलं, तेव्हा आजीनं तांदूळ निवडता निवडता मान वर करून विचारलं, "कुणाचा रे? अन् पंगती किती उठल्या?" मी तिला समजावून सांगितलं की यात पंगत वगैरे काही नसतं, मशीनला आपण सांगायचं, माझं नाव दहा वेळा लिही, आणि ते लिहितं. आजीनं थोडा विचार केला, सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, "मग तूच का नाही लिहिलंस? शाळेत घातलं होतं की तुला." गेली वीस वर्षं मी याच धंद्यावर पोट भरतो आहे. या प्रश्नाला तिला पटलं असतं असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

क्लास सुभाष रोडच्या मागच्या एका गल्लीत, खतांच्या दुकानाच्या माडीवर होता. जिना चढताना खालून युरियाचा वास यायचा आणि वर दाराशी चपलांचा ढीग लागलेला असायचा. चपला काढायच्या त्या धुळीमुळे, असं सर म्हणायचे. पण आमच्यातल्या निम्म्यांची खात्री होती की व्हायरस चपलेला चिकटून येतो. आत गालिचा, जाड पडदे, देवघरासारखा गारवा आणि शिवलेली आवरणं पांघरून बसलेली आठ मशीनं. खंडेनवमीला त्यांना झेंडूचे हार घातले गेले, कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं गेलं, आणि तिसऱ्या मशीनचं 'एच' हे बटण त्यानंतर दिवाळीपर्यंत कुंकवात अडकून बसलं. राज्यात एमएस-सीआयटी सुरू होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती, आणि सरकारी नोकरीतल्या माणसांना ती करणं भाग होतं. त्यामुळे दुपारच्या बॅचला पन्नाशी उलटलेले गुरुजी यायचे. माउस असा धरायचे, की मूठ सैल केली तर तो खरोखरच कपाटाखाली पळून जाईल. त्यातल्या एकांनी मला तिसरीत एकोणतीसच्या पाढ्यासाठी वेताची छडी दिली होती. तेच गुरुजी एकदा माझ्या खुर्चीपाशी येऊन, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "बाळ, तो बाण कुठं गेला बघ बरं जरा." मी बाण शोधून दिला. छडीची आठवण दोघांनाही झाली असावी. दोघांनीही ती पडद्यामागं सारली.

सरांनी दिलेला तिसरा की चौथा प्रोग्राम चांदण्यांचा होता. पहिल्या ओळीत एक चांदणी, दुसरीत दोन, तिसरीत तीन, असा दहा ओळींचा त्रिकोण पडद्यावर उमटवायचा. निळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत मी दोन लूप लिहिले, एकाच्या पोटात दुसरा, आणि कंट्रोल धरून एफ-नाईन दाबलं. पडदा काळा झाला आणि पापणी लवायच्या आत तिथं त्रिकोण उभा होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो, कारण त्रिकोण मी कुठंच लिहिलेला नव्हता. मी एवढंच म्हटलं होतं की जितक्या नंबरच्या ओळीवर आहेस तितक्या चांदण्या मांड आणि खाली उतर. एका ओळीची रीत सांगितली आणि तिच्यातून आकार आला, जसं एखाद्यानं नुसती चाल गुणगुणावी आणि पलीकडच्या खोलीत कुणी अख्खं भजन म्हणून मोकळं व्हावं. सुताराला लाकूड लागतं, कुंभाराला माती लागते, आमच्या गल्लीतल्या गादीवाल्याला निदान कापूस तरी लागतो. माझ्या हाताला काहीच लागलेलं नव्हतं. दहाच्या जागी वीस लिहिले आणि त्रिकोण दुप्पट उंच झाला. ना माल वाढला, ना मजुरी. त्या रात्री जेवताना मी हे सगळं घरात सांगितलं. आजी उभ्या आयुष्यात ठिपक्यांच्या रांगोळीवर हुकूमत असलेली बाई. एकवीस ते एक, सात ते चार, असली गणितं तिच्या चिमटीत होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ठिपके झाले. रेघा कवा ओढणार?"

सरकारी परिभाषेत प्रोग्रामला 'आज्ञावली' म्हणतात. दीपावलीत दिवे, तशा इथं ओळीनं लावलेल्या आज्ञा. सतरा वर्षांच्या मुलाला या शब्दाचं अप्रूप वाटतं, कारण तोवर त्याची आज्ञा कुणी ऐकलेली नसते. घरात मी शेंडेफळ. आमचं कुत्रंसुद्धा मी हाक मारली की आधी वडिलांकडे बघायचं. आणि इथं पहिल्यांदा कुणीतरी माझा शब्द झेलायला उभं होतं. अडचण एवढीच, की हा गडी गोष्टीतल्या सांगकाम्यासारखा निघाला. सांगितलं ते करणार, सांगायचं राहिलं ते राहिलंच, आणि बोलण्यात एक अर्धविराम गाळलात तर सगळं काम टाकून दारात ठाण मांडणार. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ही अर्धविरामाची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांना ती खरी वाटेना. आबा मोंढ्यात एका आडत दुकानात मुनीम होते. उमेदवारीच्या दिवसांत त्यांनी ज्या वह्या लिहिल्या त्या मोडीत. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दात जागा सोडायची पद्धत नाही, विरामचिन्हांचा तर पत्ताच नाही. बोरू उचलायचा तो शाई संपली म्हणून. तशा लिखाणावर सरकारं चालली, जमिनी फिरल्या, सोयरिकी ठरल्या. "आणि तुझं मशीन एका टिंबासाठी अडतं?" आबा म्हणाले. "मग ते हुशार कसलं?" मी म्हणालो, ते हुशार नाहीच, आबा. ते नुसतं ऐकतं.

चुकीला या धंद्यात बग म्हणतात, म्हणजे किडा. १९४७ च्या सप्टेंबरात अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-टू नावाच्या खोलीभर मशीनमध्ये एक खराखुरा पतंग अडकून मेला, आणि तिथल्या माणसांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीनं डकवून ठेवला. त्याच्या आधीपासून शब्द होता, पण नोंद त्या पतंगाच्या नावावर झाली. मला ही गोष्ट आवडते, तरी आमच्याकडच्या किड्याचा अनुभव वेगळा. आमचा मुलुख कापसाचा. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक, भरलेलं दिसतं. शेतकरी त्याच्याकडे बघून मनात पोरीच्या लग्नाची तारीखसुद्धा धरतो. फोडलं की आत गुलाबी अळी निवांत जेवत बसलेली. वाईट प्रोग्राम अगदी असा असतो. अर्धविराम जागच्या जागी, एकही तक्रार नाही, पडदा प्रसन्न, आणि आतला हिशेब पोखरलेला. असं एक बोंड मीही पिकवलं, त्याच्याकडे येतोच.

त्याआधी लाइटीबद्दल सांगायला हवं. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यातलं. त्याची वीज कुठंकुठं जायची देवाला माहीत, आमच्या गल्लीकडे यायचा तिला कंटाळा होता. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि लोक ते पंचांगासारखं कापून भिंतीला लावायचे. क्लासातल्या बॅटऱ्या दहा मिनिटं केविलवाण्या ओरडायच्या आणि मग गप्प व्हायच्या. तरी सर कुणाला घरी सोडत नसत. खिडकीचे पडदे सारायचे आणि आम्ही वहीत, पेनानं, प्रोग्राम लिहायचो. मग सर म्हणायचे, "आता तूच मशीन हो." एकानं ओळ वाचायची, दुसऱ्यानं कागदाच्या कोपऱ्यात आकडे खोडत नवे लिहीत जायचं. न थांबणारा लूप समजावताना ते नगर-बीड-परळी रेल्वेचं उदाहरण द्यायचे: १९९५ साली मंजूर, दर अर्थसंकल्पात एक फेरी, बाहेर पडायची अट कधी पुरी होत नाही. (२०२५ च्या सप्टेंबरात बीडला गाडी आली. सरांना आता दुसरं उदाहरण शोधावं लागेल.) पुढं कधीतरी मी एडा लव्हलेसबद्दल वाचलं. लंडनच्या या बाईनं १८४३ साली एका लेखाचा अनुवाद केला, त्याला मूळ लेखाहून मोठ्या टिपा जोडल्या, आणि त्यातल्या एका टिपेत बर्नुलीचे आकडे यंत्राकडून कसे काढून घ्यायचे ते पायरीपायरीनं मांडलं. ते यंत्र चार्ल्स बॅबेजच्या आराखड्यात होतं. पुरं झालंच नाही. लोकांना याचं आश्चर्य वाटतं. मला ओळख पटली. तिच्याकडे यंत्र नव्हतं, आमच्याकडे लाइट नव्हती. काम तेच होतं: जे समोर नाही ते चालतंय असं धरून त्याच्याशी नीट बोलायचं.

आता ते बोंड. आबांची दृष्टी अधू झाली होती, ऐंशीला टेकले होते, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे सगळं तोंडपाठ होतं, आणि त्यांच्या डोक्यावरचा तुरा म्हणजे औटकी. औट म्हणजे साडेतीन. देह औट हातांचा असं जुनी माणसं म्हणतात तो औट. साडेतीनचा पाढा त्यांना शंभरापर्यंत यायचा आणि तो ते पाणी तापायची वाट बघताना, बस उशिरा आली तर, झोप आली नाही तर, स्वतःशी म्हणायचे. मला वाटलं, हीच भेट द्यावी. एक छोटा प्रोग्राम लिहिला, एक ते शंभर, प्रत्येकाला साडेतीननं गुण आणि छाप. सरांच्या पाया पडून डॉट मॅट्रिक्सवर छपाई मिळवली. ते मशीन रातकिड्यासारखं किर्र करत, कडेला भोकं असलेला जोडकागद ओकत राहिलं. घरी आणून आबांच्या मांडीवर ठेवला. कागद सतरंजीवरून घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला. "अरे, ही तर पासोडी!" आबा म्हणाले. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या शतकात पंचीकरण कापडाच्या एका लांबच लांब पट्ट्यावर लिहिलं, ती पासोडी. आमच्या जिल्ह्यात कुठलाही लांब कागद निघाला की तिची आठवण निघते, मग तो किराण्याच्या यादीचा का असेना.

आबांनी भिंग घेतलं. मुनीम माणूस वही पहिल्या ओळीपासून कधी तपासत नाही. चोर मध्ये बसलेला असतो असं त्यांचं मत. बोट कागदावरून सरकत सतराव्या ओळीवर थांबलं. ओठ हलले. मग भिंग जरा वर, जरा खाली. "सतरा औटे किती म्हणतंय हे?"

"एकावन्न," मी वाचून सांगितलं. सांगतानाच कानाला काहीतरी खटकलं.

"साडेएकोणसाठ," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "साडेआठ कुठं गेले?"

झालं होतं ते असं. आकडा ठेवायला मी जी जागा मागितली होती ती 'इंट' जातीची, म्हणजे फक्त पूर्णांकांची. तिच्यात मी साडेतीन ओतले. धान्याचं मापटं शिगोशीग भरून वरून पट्टी फिरवावी तसे मशीननं वरचे अर्धे सपाट करून टाकले, तीन ठेवले, आणि शंभर ओळी त्या तीननं इमानेइतबारे गुणत गेलं. पडद्यावर एक अक्षराची तक्रार नाही. मी हे आबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोंढ्यात असं माप घातलं असतं ना, तर मालकाच्या आधी शेतकऱ्यानंच बुकललं असतं." आणि थोडं थांबून, जणू त्या मशीनची बाजू घेत, "पण त्याला अर्धं ठेवायला जागा तूच दिली नाहीस म्हण की."

दुसऱ्या दिवशी रविवार, क्लास बंद. सायकल काढून मी खजाना विहिरीकडे गेलो. बीडच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर, अहमदनगरच्या निजामशाहीत, १५८२-८३ च्या सुमाराला सलाबतखानानं बांधलेली ही विहीर. बांधणारा राजा भास्कर नावाचा कुणी होता असं सांगतात. (भास्कर या नावाशी बीडचं काहीतरी आहे. 'लीलावती'वाल्या भास्कराचार्यांचं विज्जलवीड म्हणजे आमचं बीडच, असं म्हणणारे लोक इथं भेटतात. विद्वान वेगवेगळी गावं दाखवतात. आम्ही वाद घालत नाही, फक्त आवाज थोडा वाढवतो.) विहीर फार खोल नाही. गंमत आहे ती तिच्या पोटात उघडणाऱ्या बोगद्यांत: काही पाणी आत आणतात, एक पाणी बाहेर शेतांकडे नेतो. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. कुठं किती उतार द्यायचा एवढंच कुणीतरी एकदा ठरवलं, दगडात मांडलं, आणि पाणी त्या सांगण्यावरून चारशे वर्षं चालत राहिलं. दुष्काळात आसपासच्या विहिरी तळ दाखवायच्या तेव्हाही हिच्यात पाणी असायचं म्हणून तिचा लौकिक. मी लहान असताना आबांनी मला इथं आणून लिंबाचं पान पाण्यात टाकायला लावलं होतं. पान आधी जागीच फिरलं, मग विचार केल्यासारखं करून एका बोगद्याच्या तोंडाकडे निघालं. "कोण ओढतंय ते?" मी विचारलं होतं. "कुणी नाही," आबा म्हणाले होते, "त्याला तसं सांगून ठेवलंय." त्या रविवारी मी पुन्हा पान टाकलं आणि ते वळेपर्यंत उभा राहिलो. साडेआठांचं ओझं जरा उतरलं.

सोमवारी 'इंट' काढून 'फ्लोट' घातलं आणि अधिरेपणी तसंच छापलं. छापण्याच्या ओळीतही आकड्याची जात सांगावी लागते, ती बदलायचं राहिलं. शंभरच्या शंभर ओळींसमोर शून्य. आबांनी ती पासोडी हातात घेतली, दोन ओळी पाहिल्या आणि भिंग खाली ठेवलं. "परवा निदान मुद्दल तरी होतं," म्हणाले. मंगळवारी ते दुरुस्त केलं, तर मशीनला औदार्याचा झटका आला: साडेएकोणसाठ मागितले तर एकोणसाठ, टिंब, पाच आणि वर आणखी पाच शून्यं. सर कागदाकडे बघून कपाळाला हात लावत होते, पण मला ती शून्यं खोडवेनात. घरी आबा मात्र खूश झाले. मोजून पाहिली त्यांनी. "एवढी शून्यं फुकट देतंय?" मग उशाखालची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि या वेळी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, एक औट औट, बे औटे सात, आणि प्रत्येक ओळीसमोर एक बारीक खूण.

आजी मधे एकदा येऊन दिवेलागण झाल्याचं सांगून गेली. पहिला कागद संपला, भोकांची घडी ओलांडून पेन्सिल दुसऱ्यावर उतरली. अडुसष्ट औटे दोनशे अडतीस म्हणून खूण केली आणि लाइट गेली. मी कंदील आणायला उठलो तर आबांनी अंधारातच माझं मनगट धरलं. त्यांचा आवाज थांबला नव्हता. एकुणसत्तर औटे दोनशे साडेएकेचाळीस. सत्तर औटे दोनशे पंचेचाळीस. बाहेर गल्लीत पोरं लाइट गेल्याबद्दल आनंदानं ओरडत होती, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, आणि आमच्या खोलीत साडेतीनानं साडेतीनानं अंधार वाढत गेला, शंभर औटे साडेतीनशेपर्यंत. मग थोडा वेळ काहीच नाही.

"तुझ्या मशीनला हे सगळं आता येतं?" त्यांनी विचारलं.

"लाइट असली की येतं," मी म्हणालो.

आबा हसले असावेत. मनगटावरच्या बोटांवरून कळलं. ते २०११ साली गेले. नंतर मी बरेच प्रोग्राम लिहिले, त्यांतले काही बऱ्यापैकी मोठे होते, आणि त्यांतला एकही आता माझ्याकडे नाही. तो जोडकागद आहे. शाई तपकिरी झाली आहे. अडुसष्टाव्या ओळीपर्यंत पेन्सिलीच्या खुणा दिसतात. खालच्या बत्तीस ओळींसमोर काही नाही.